विवाह मान्य, सहवास अमान्य

विवाह ही दोन व्यक्तींची खासगी बाब आहे असे म्हणण्याचा प्रघात असला, तरी आधुनिक राज्यसंस्थेने ती पूर्णपणे खासगी कधीच राहू दिलेली नाही. विवाहाची नोंद राज्य करते, वारसा आणि पोटगी राज्य ठरवते, दत्तकविधानापासून निवृत्तिवेतनापर्यंत अनेक ठिकाणी पती-पत्नींना एकत्र मोजते आणि त्यांचे भांडण कोर्टात आले तर त्याचा निवाडाही करते. ही माणसे एका घरात नांदतात, हे या सर्व व्यवहारांत गृहीतच धरलेले असते. परंतु जोडप्यातील एक जण त्या देशाचा नागरिक आणि दुसरा परदेशी असेल, तर हे गृहीतक सीमेवर गळून पडते. व्हिसा अधिकाऱ्यासमोर त्यांचे विवाहपत्र खरे ठरते, नाते प्रामाणिक असल्याचाही निर्वाळा मिळतो, आणि तरीही दोघांना एका देशात राहण्याची परवानगी नाकारली जाते. बेबनावामुळे नव्हे, नोकरीधंद्यामुळेही नव्हे, तर परकीयांच्या प्रवेशाच्या, वास्तव्याच्या आणि हद्दपारीच्या नियमांमुळे येणारा हा दुरावा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे, आणि त्याचा विचार मुख्यतः अमेरिकेच्या संदर्भात करायचा आहे, कारण या नियमांची सर्वांत तपशीलवार आणि सर्वांत कडेकोट रचना त्या देशाने केली आहे.

या प्रश्नावरची चर्चा बहुधा एका बाजूला माणुसकी आणि दुसऱ्या बाजूला सार्वभौमत्व अशा रुळलेल्या वाटेने जाते. येथील मांडणी थोडी निराळी आहे. राज्याला सहवासाची किंमत नाही असे म्हणता येत नाही. ती इतकी आहे की सहवास नाकारणाऱ्या जोडीदाराला तुरुंगात धाडण्याची सोय एके काळी कायद्यात होती. मात्र सहवासाचा हक्क राज्याने जोडीदाराविरुद्ध दिला, स्वतःविरुद्ध दिला नाही. एकाला नको असताना दुसऱ्याच्या मागणीवरून जो सहवास लादता येतो, तोच दोघांना हवा असताना अडवताही येतो, आणि पहिल्या वेळी विवाहाचा गाभा मानली गेलेली गोष्ट दुसऱ्या वेळी केवळ पत्त्याचा प्रश्न ठरते.

या दृष्टीने १८८४ हे साल लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी मुंबईच्या उच्च न्यायालयात दादाजी भिकाजी यांनी रखमाबाईंवर दावा लावला. लग्नाच्या वेळी अवघ्या अकरा वर्षांच्या असलेल्या रखमाबाई सासरी नांदायला गेल्या नव्हत्या आणि जाण्यास त्यांचा ठाम नकार होता. दादाजींची मागणी दांपत्यहक्कांच्या पुनःस्थापनेची, म्हणजे पत्नीने घरी येऊन नांदावे असा हुकूम मिळण्याची होती. न्यायमूर्ती पिन्हे यांनी १८८५ मध्ये दावा फेटाळला, अपिलात तो निर्णय फिरला, आणि १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी नांदायला जाण्याचा, न गेल्यास सहा महिने कारावास भोगण्याचा आदेश दिला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली, प्रकरण १८८८ मध्ये तडजोडीने मिटले आणि पुढे लंडनला शिकून त्या डॉक्टर झाल्या, हा इतिहास महाराष्ट्राला परिचित आहे. परिचित नाही ते असे की, त्याच १८८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या संघीय न्यायालयासमोर एका चिनी मजुराच्या पत्नीचा प्रश्न आला होता. अमेरिकेने १८८२ च्या चिनी प्रतिबंधक कायद्याने चिनी मजुरांना दहा वर्षे दार बंद केले होते. त्याआधीपासून तेथे असलेल्यांना मायदेशी जाऊन परत येण्याची मुभा होती. अशी मुभा असलेला एक मजूर पत्नीला घेऊन परतला. न्यायालयाने ठरवले की, विवाहाने पत्नीला पतीचा दर्जा मिळतो, म्हणून तीही 'मजूर' वर्गातली झाली आणि तिच्यावर बंदी लागू झाली. पतीला मिळालेली परतीची मुभा मात्र तिला विवाहाने मिळत नाही. दर्जा आला, हक्क आला नाही. मुंबईत त्या काळी पत्नी जाण्यास तयार नव्हती तेव्हा तिचे स्थान पतीच्या घरी होते, आणि सॅन फ्रान्सिस्कोत पती-पत्नी दोघेही तयार होते तेव्हा तिचे स्थान परतीच्या जहाजावर होते.

अशा निर्णयांमागच्या विचाराला अमेरिकन कायद्यात पुढे 'पूर्णाधिकाराचे तत्त्व' म्हणू लागले. परदेशी माणसाला देशात घ्यायचे की नाही, हा अधिकार संसद आणि शासन यांच्याकडे जवळजवळ निरंकुश आहे आणि न्यायालयांनी त्यात क्वचितच लक्ष घालावे, असा त्याचा आशय आहे. सर्वोच्च न्यायालयाने १८८९ मध्ये त्याची पायाभरणी केली तीही एका चिनी मजुराच्याच खटल्यात. या तत्त्वाचे टोक १९२५ साली एकाच दिवशी दिलेल्या दोन निकालांत दिसते. १९२४ च्या कायद्याने 'नागरिकत्वास अपात्र' वंशांच्या लोकांना, म्हणजे त्या काळच्या समजुतीनुसार बहुतेक आशियाईंना, प्रवेशबंदी केली होती. चिनी व्यापाऱ्यांच्या पत्नींना प्रवेश द्यावा, कारण जुन्या तहाने व्यापाऱ्यांना संरक्षण आहे, असे पहिल्या निकालाने सांगितले. अमेरिकेत जन्मलेल्या, जन्माने नागरिक असलेल्या चिनी वंशाच्या पुरुषांच्या पत्नींना प्रवेश नाही, कारण नागरिकांसाठी असा कोणताच तह नाही, असे दुसऱ्याने. परक्या व्यापाऱ्याला पत्नी आणता आली, देशाच्या नागरिकाला आणता आली नाही. कायद्याच्या शब्दांना चिकटून राहिले तर दोन्ही निकाल बरोबर आहेत, आणि हीच त्यांतली खरी अडचण आहे.

हे निर्बंध केवळ परदेशी जोडीदारापुरते राहत नाहीत, ते नागरिकाच्याही अंगाला लागतात, याचा पुरावा त्याच काळात मिळतो. १९०७ च्या कायद्यानुसार परदेशी पुरुषाशी लग्न करणाऱ्या अमेरिकन स्त्रीचे नागरिकत्व आपोआप संपत असे. १९२२ च्या केबल कायद्याने हा नियम सैल केला, तरी 'नागरिकत्वास अपात्र' पुरुषाशी लग्न करणाऱ्या स्त्रीला तो १९३१ पर्यंत लागू राहिला. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात भारतीय माणसे कायद्याच्या अर्थाने 'गोरी' नाहीत असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवताच, आधी नागरिक झालेल्या भारतीयांचे नागरिकत्व काढून घेण्याचे दावे सरकारने सुरू केले. त्यांतला एक दावा थिंड यांचेच वकील सखाराम गणेश पंडित यांच्याविरुद्ध होता. लॉस एंजेलिसमध्ये वकिली करणारे पंडित १९१४ मध्ये नागरिक झाले होते आणि त्यांची पत्नी गोरी अमेरिकन होती. पतीचे नागरिकत्व गेले की तिचेही जाणार आणि तिच्या नावावरची जमीनही धोक्यात येणार होती. पंडितांनी हे सारे नुकसान न्यायालयासमोर मांडले आणि १९२६ मध्ये ते अपिलात जिंकले. १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारची पुनर्विचाराची मागणी फेटाळली. पण अपिलातील विजयाचे कारण पाहण्यासारखे आहे. १९१४ चा नागरिकत्वाचा निर्णय अंतिम आहे, तो पुन्हा उकरता येत नाही, असे ते कारण होते. पत्नीच्या वाट्याला येणाऱ्या हानीची दखल कैफियतीत होती, निर्णयाचा आधार मात्र प्रक्रियेचा होता. विवाहाने पंडितांना वाचवले नाही. त्यांच्यातल्या कसलेल्या वकिलाने वाचवले.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र बदलेल असे वाटण्यास जागा होती. परदेशात लढलेल्या सैनिकांनी तिकडे लग्ने केली होती आणि त्यांच्या पत्नींना वेगळी रांग नको म्हणून १९४५ मध्ये 'युद्धवधू कायदा' झाला. एलन नॉफ यांचे प्रकरण या कायद्याखालचे आहे. मूळच्या जर्मन असलेल्या या बाईंनी युद्धकाळात ब्रिटिश हवाई दलाच्या स्त्री-विभागात काम केले, नंतर जर्मनीतल्या अमेरिकन लष्करी प्रशासनात नोकरी केली आणि १९४८ मध्ये एका माजी अमेरिकन सैनिकाशी विवाह केला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क बंदरात पोहोचताच त्यांना एलिस बेटावर अडकवण्यात आले. त्यांचा प्रवेश देशाला घातक आहे, एवढेच सांगितले गेले. का घातक, हे त्यांना नाही, पतीला नाही आणि न्यायालयालाही नाही. १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी सरकारची बाजू उचलून धरली आणि प्रवेश नाकारण्याची जी पद्धत संसदेने घालून दिली तीच परदेशी माणसासाठी 'योग्य प्रक्रिया' असा नियम घातला. वर्तमानपत्रे आणि संसद सदस्य मागे लागल्यामुळे पुढे सुनावणी झाली. तीत गुप्त आरोप उघड झाले, ते ऐकीव माहितीवर उभे असल्याचे दिसले, आणि १९५१ च्या अखेरीस त्यांना प्रवेश मिळाला. आरोप उघड झाले तेव्हा ते टिकले नाहीत. निकाल मात्र टिकला, आणि पुढल्या पिढ्यांनी वारसा म्हणून घेतला तो निकालच.

आजच्या दुराव्यांचे मोठे कारण सप्टेंबर १९९६ मध्ये झालेल्या कायद्यात आहे. तो समजण्यासाठी दोन कल्पना स्पष्ट करायला हव्यात. पहिली 'बेकायदा वास्तव्या'ची. परवान्याशिवाय देशात राहिलेला प्रत्येक दिवस १ एप्रिल १९९७ पासून मोजला जाऊ लागला. असे १८० दिवसांहून अधिक पण वर्षाहून कमी राहून जो देश सोडेल त्याला तीन वर्षे, आणि वर्ष किंवा अधिक राहून जो सोडेल त्याला दहा वर्षे परत येण्यास बंदी. दुसरी कल्पना 'दर्जाबदला'ची, म्हणजे देशाबाहेर न जाता तेथेच कायम वास्तव्याचा परवाना मिळवण्याची. नागरिकाच्या जोडीदाराला ही सोय आहे, पण साधारणतः त्यालाच, जो अधिकाऱ्यासमोरून, तपासणी होऊन देशात आला. व्हिसावर विमानाने उतरून मुदत संपल्यावरही दहा वर्षे राहिलेल्या माणसाने नागरिकाशी लग्न केले, तर त्याचे जास्तीचे वास्तव्य माफ होऊन त्याला तेथेच परवाना मिळू शकतो. वाळवंटातून सीमा ओलांडून आलेल्या माणसाला तो मिळत नाही, त्याने मायदेशी जाऊन तिथल्या वकिलातीत मुलाखत दिली पाहिजे. आणि तो मुलाखतीसाठी सीमेबाहेर पाऊल टाकतो तेव्हाच दहा वर्षांची बंदी लागू होते. परवाना घेण्यासाठी बाहेर जाणे भाग, आणि बाहेर गेले की परवाना बंद. १९९६ पूर्वीपासून दंड भरून यातून सुटण्याची एक वाट होती. तिची मुदत ३० एप्रिल २००१ रोजी संपली.

मेक्सिकन वस्त्यांत या बंदीला 'कास्तिगो', म्हणजे शिक्षा, आणि तीतून मिळणाऱ्या सवलतीला 'पेर्दोन', म्हणजे माफी, म्हणतात. मेक्सिकोतील जवळजवळ सर्व कायमस्वरूपी व्हिसांच्या मुलाखती सिउदाद हुआरेस या सीमेवरच्या शहरात होतात, त्यामुळे त्या शहराच्या नावानेच अनेक घरांत पोटात गोळा येतो. माफी मिळण्याची अट अशी की, बंदीमुळे अर्जदाराच्या नागरिक किंवा कायम रहिवासी असलेल्या जोडीदाराला अथवा आईवडिलांना 'आत्यंतिक हालअपेष्टा' सोसाव्या लागतील हे सिद्ध झाले पाहिजे. मुलांच्या हालअपेष्टा या हिशेबात स्वतंत्रपणे धरल्या जात नाहीत, मुले अमेरिकन नागरिक असली तरीही. त्यांचे रडणे आईला किती असह्य होते, या मार्गानेच ते फायलीत शिरू शकते. शिवाय ताटातुटीचे नेहमीचे दुःख, म्हणजे एकाकीपणा, ओढगस्त, मुलांचे बिघडलेले अभ्यास, हे हद्दपारीचे 'सर्वसाधारण परिणाम' मानले जातात आणि तेवढे पुरत नाहीत. मग अर्जाला मानसोपचारतज्ज्ञाचा अहवाल जोडला जातो, औषधांच्या चिठ्ठ्या, घराच्या कर्जाचे हप्ते, आजारी सासूचे कागद, मुलाच्या विशेष शाळेचे पत्र आणि मायदेशातल्या गुन्हेगारीच्या बातम्यांची कात्रणे जोडली जातात. नागरिक जोडीदार इथेच मागे राहिला तर काय होईल आणि तो सोबत गेला तर काय होईल, या दोन्ही भवितव्यांची करुण वर्णने करावी लागतात. सुखी, सशक्त आणि धीराने दिवस काढणाऱ्या जोडप्याची बाजू येथे लंगडी पडते. आपला संसार सरासरीपेक्षा अधिक मोडला आहे हे दाखवण्याची ही चढाओढ राज्याने लावली आहे, आणि तिच्यात उतरण्यासाठी वकिलाची फी लागते.

२०१३ पासून या माफीचा अर्ज देश सोडण्यापूर्वी करून ठेवण्याची सोय झाली आणि २०१६ मध्ये ती विस्तारली, हे खरे सुधारणेचे पाऊल होते. पण एकदा हद्दपार होऊन पुन्हा चोरून आलेल्यांना, अथवा एकूण वर्षभर बेकायदा राहून बाहेर गेल्यावर पुन्हा तसेच आलेल्यांना ती लागू नाही. त्यांच्यावरील बंदी कायमची आहे, आणि ती उठवण्याची विनंती करण्यासाठीही आधी दहा वर्षे बाहेर काढावी लागतात. आजारी आईला भेटायला गेलेला आणि मुलांसाठी परतलेला माणूस नेमका या कलमात सापडतो. जून २०२४ मध्ये बायडन प्रशासनाने, दहा वर्षांहून अधिक काळ देशात असलेल्या नागरिकांच्या जोडीदारांना बाहेर न जाता परवाना मागता यावा अशी योजना जाहीर केली. सुमारे ५ लाख जोडीदारांना तिचा लाभ होईल असा सरकारचा अंदाज होता. टेक्सासच्या संघीय न्यायालयाने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ती रद्द ठरवली. दरम्यानच्या वर्षांत सान दिएगो आणि तिहुआना यांच्यामधल्या 'मैत्री उद्याना'त, १९७१ मध्ये मोठ्या थाटात उघडलेल्या त्या जागेत, कुंपणाची जाळी इतकी दाट करण्यात आली की अलीकडच्या आणि पलीकडच्या पती-पत्नींना एकमेकांच्या करंगळीचे टोक तेवढे शिवता येई.

२०२४ च्या जूनमध्येच सर्वोच्च न्यायालयाने म्युन्योझ खटल्याचा निकाल दिला, आणि या क्षेत्रातला तो सध्याचा शेवटचा शब्द आहे. लॉस एंजेलिसमधल्या म्युन्योझ या अमेरिकन वकीलबाईंनी २०१० मध्ये एल साल्वादोरच्या नागरिकाशी विवाह केला. नाते खरे आहे हे मान्य झाले, माफीची पायरीही पार पडली, आणि पती मुलाखतीसाठी मायदेशी गेले. तेथे व्हिसा नाकारताना, हा माणूस बेकायदा कृत्ये करण्यासाठी येत असल्याचा संशय आहे, असे सांगणारे एक कलम उद्धृत करण्यात आले. त्यापलीकडे काही नाही. दावा लागल्यावर कळले की संशय गुंडांच्या टोळीचा होता आणि त्याचे एक मूळ अंगावरच्या गोंदणांत होते. त्या गोंदणांत ग्वादालुपेची माता होती आणि सिग्मंड फ्रॉइडही होता. टोळ्यांच्या अभ्यासकाने त्यांचा टोळीशी संबंध नसल्याचा अभिप्राय दिला. 'वकिलाती निर्णयांची अपुनर्विलोकनीयता' या तत्त्वानुसार व्हिसा अधिकाऱ्याचा निर्णय न्यायालयात तपासता येत नाही, अपवाद फक्त एखाद्या नागरिकाच्या मूलभूत हक्काला धक्का बसला तर. म्हणून प्रश्न असा उभा राहिला की, परदेशी जोडीदाराला देशात आणण्याचा हक्क नागरिकाच्या मूलभूत हक्कांत मोडतो काय. निकाल सहा विरुद्ध तीन मतांनी लागला, आणि बहुमताचे उत्तर आले की मोडत नाही. विवाहाचा हक्क मूलभूत आहे, पण येथे मागितला आहे तो दुसराच हक्क, आणि देशाच्या इतिहासात त्याची मुळे खोल गेलेली नाहीत, असे न्यायमूर्ती बॅरेट यांनी लिहिले. आधार म्हणून आलेल्या पूर्वेतिहासात नॉफ प्रकरण होतेच.

या युक्तिवादाचा दोष उघड आहे. ज्यांना हा हक्क मागायचा होता त्यांना दीडशे वर्षे दारातून परत पाठवले गेले, आणि आता इतिहासात तो हक्क आढळत नाही म्हणून तो नाही. न्यायमूर्ती सोटोमायोर यांनी विरोधी मतात म्हटल्याप्रमाणे येथे फक्त कारण सांगण्याची मागणी होती, व्हिसा देऊनच टाकण्याची नव्हती. तेवढ्यासाठी इतका व्यापक निकाल द्यायची गरज नव्हती.

नियमांमुळे तुटणाऱ्या संसारांबरोबर नियमांमुळे न तुटू शकणाऱ्या संसारांचाही विचार केला पाहिजे, आणि हा भाग महाराष्ट्राच्या परिचयाचा आहे. खोट्या लग्नांना आळा घालण्यासाठी १९८६ मध्ये अमेरिकेने नव्या जोडीदाराला दोन वर्षांचा सशर्त परवाना देण्यास सुरुवात केली, आणि अट काढून घेण्याचा अर्ज दोघांच्या सहीने करायचा ठेवला. सही न करण्याची धमकी हे त्यामुळे घरातले हत्यार झाले. मारहाण सोसणाऱ्या जोडीदाराला एकटीने अर्ज करण्याची मुभा नंतर, विशेषतः १९९४ च्या कायद्याने, मिळाली. संगणक क्षेत्रातल्या एच-वन-बी परवान्यावर गेलेल्या पुरुषांच्या पत्नी एच-फोर या अवलंबितांच्या व्हिसावर जातात. त्यांना २०१५ पर्यंत नोकरी करण्यास मनाई होती, आणि त्यानंतरही ती मुभा ज्यांच्या पतीचा ग्रीन कार्डाचा प्रवास एका ठरावीक टप्प्यापर्यंत आला आहे त्यांनाच मिळाली. पुण्यात अभियंता म्हणून काम केलेली स्त्री न्यू जर्सीत पतीच्या कागदांची पुरवणी होते, आणि त्या घरातून बाहेर पडली तर देशातूनही बाहेर पडते. रखमाबाईंना नांदायला लावण्यासाठी न्यायालयाचा हुकूम लागला होता; येथे व्हिसाची मुदत पुरते. मराठी स्थळांच्या बाजारात 'ग्रीन कार्ड हाती येण्याआधी लग्न उरका' हा सल्ला सर्रास दिला जातो, त्याचे कारणही येथेच आहे. एच-वन-बीवरचा माणूस पत्नीला महिन्या-दोन महिन्यांत नेऊ शकतो; पण कायम रहिवासी झाल्यानंतर त्याने लग्न केले तर पत्नीला वार्षिक कोट्याच्या रांगेत उभे राहावे लागते, आणि ही रांग कधी कधी चार-पाच वर्षांवर गेलेली आहे. देशाशी नाते जितके पक्के, तितकी पत्नी दूर.

ब्रिटनची कहाणी याहून थोडक्यात सांगता येते, कारण तिची दिशा एकच आहे. १९७९ मध्ये हीथ्रो विमानतळावर वाग्दत्त वराकडे आलेल्या एका भारतीय शिक्षिकेची कौमार्यचाचणी झाल्याचे उघडकीस येऊन गदारोळ झाला. त्यानंतरच्या दशकात 'प्रमुख उद्देश' नियमाखाली, विवाह खरा असला तरी ब्रिटनमध्ये शिरणे हा त्याचा प्रमुख उद्देश नाही हे अर्जदाराने सिद्ध करायचे, अशी रीत होती. ती १९९७ मध्ये संपली. १९८५ मध्ये स्त्रासबूरच्या मानवाधिकार न्यायालयाने, ब्रिटनमध्ये पुरुषांना पत्नी आणणे सोपे आणि स्त्रियांना पती आणणे अवघड आहे हा लिंगभेद असल्याचा निकाल दिला, तेव्हा सरकारने स्त्रियांची वाट सोपी न करता पुरुषांची अवघड केली. समता अशीही साधता येते. २०१२ पासून परदेशी जोडीदार आणू इच्छिणाऱ्याचे वार्षिक उत्पन्न किमान १८,६०० पौंड असणे सक्तीचे झाले, आणि एप्रिल २०२४ मध्ये ही रक्कम २९,००० पौंडांवर गेली. येणाऱ्या जोडीदाराला तिथे जी नोकरी मिळू शकेल तिचे उत्पन्न यात मोजत नाहीत. परिचारक, दुकानातले कामगार, अर्धवेळ नोकरी करणाऱ्या आया यांना त्यामुळे आपल्याच देशात आपल्या नवऱ्यासोबत राहणे परवडत नाही, आणि त्यांच्या मुलांची वडिलांशी ओळख पडद्यावरच होते.

भारताने या सर्वांकडे बोट दाखवावे अशी स्थिती नाही. देशात कोठेही राहण्याचे राज्यघटनेतील स्वातंत्र्य फक्त नागरिकांना आहे, आणि परकीयाला बाहेर काढण्याचा केंद्राचा अधिकार निरपवाद असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने हान्स म्युलर प्रकरणात १९५५ मध्येच सांगितले. त्याच वर्षी बिहारमधून आलेल्या एका प्रकरणात भारतीय पतीची पत्नी, १९४८ मध्ये कराचीला जाऊन परतल्यामुळे, नागरिक उरली नाही असा निर्णय झाला. पतीचे अधिवासस्थान तेच पत्नीचे, हे जुने तत्त्व तिच्या वतीने मांडण्यात आले. पाकिस्तानात स्थलांतर केलेल्यांविषयीचे घटनेचे कलम त्याहून वरचढ ठरले. नागरिकाशी विवाह केलेल्या परकीयाला आजही नागरिकत्वासाठी अर्ज करण्यापूर्वी सात वर्षे येथे राहावे लागते, तोवर त्याचे राहणे व्हिसाच्या नूतनीकरणावर अवलंबून असते. पहलगामच्या हत्याकांडानंतर एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले आणि अटारीचे नाके बंद झाले, तेव्हा सीमेपलीकडे लग्न होऊन गेलेल्या, पण पारपत्र भारतीयच असलेल्या काही स्त्रियांना नवऱ्याकडे जाता येईना, आणि त्यांच्या पाकिस्तानी पारपत्राच्या मुलांना इथे थांबता येईना. हिंदू विवाह कायद्याचे कलम ९, दांपत्यहक्कांच्या पुनःस्थापनेचे, सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये वैध ठरवल्यामुळे अजून जिवंत आहे, आणि ज्या इंग्लंडमधून ते उचलले तिथे १९७१ पासून तसा दावा लावता येत नाही. पत्नीला नांदायला बोलावणारे हे कलम सरकारला प्रतिवादी करू देत नाही.

सीमा उघड्या टाकाव्यात असा याचा अर्थ नाही, आणि खोटी लग्ने होत नाहीत असे म्हणण्याचेही कारण नाही. परंतु नाते खरे ठरल्यानंतर तीन गोष्टी मागणे अवाजवी नाही: नकाराचे कारण लेखी मिळावे, ते खोडण्यासाठी नागरिक जोडीदारालाही स्वतःचे म्हणणे मांडता यावे, आणि निर्णय लांबणार असेल तर तोवर दोघांना एकत्र राहता यावे. पहिल्या दोन गोष्टी नॉफ प्रकरणातच उपयोगी ठरल्या होत्या. बंद पाकिटातले आरोप सुनावणीत टिकले नाहीत. तिसरी अव्यवहार्य आहे असे सांगण्यात येते, पण ती प्रत्यक्षात आणलेली आहे. कायम रहिवाशांच्या पत्नी आणि मुले रांगेत वर्षानुवर्षे अडकली म्हणून अमेरिकन काँग्रेसने डिसेंबर २००० मध्ये 'व्ही' नावाचा व्हिसा निर्माण केला, ज्यावर तीन वर्षे थांबलेल्या जोडीदाराला उरलेली प्रतीक्षा अमेरिकेत, घरच्यांसोबत आणि नोकरीच्या परवानगीसह करता येत असे. त्यामुळे रांग वाढल्याची किंवा खोटी लग्ने फोफावल्याची ओरड झालेली नाही. ही तरतूद आजही तेथील संहितेत छापलेली आहे. मात्र मूळ अर्ज २१ डिसेंबर २००० पर्यंत दाखल झालेला असावा, ही तीतली अट कुणी बदललेली नाही.